माती झाडायला जागा

परंडा,
१४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप तात्या आजोबांना,
शिवांजलीचा वाकून नमस्कार.

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी बी.एड. करत होते. आता इथंच परंड्यात शाळेवर आहे, सहावी-सातवीला गणित शिकवते. आई माझ्याजवळच असते. फोन का केला नाही असं मनात आणू नका. तुम्हाला सहा वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही आणि सोमेशमामाच्या मोबाईलवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग आहे असं तुम्ही म्हणता, हे आईनंच सांगितलं. "काकांना कागदावर लिही. आपल्यात पत्राला उत्तर देणारे तेवढेच उरलेत," असंही म्हणाली.

तर कारण असं. शाळेची अडगळीची खोली आवरताना नकाशांच्या गुंडाळ्यांमागं एक मेंडोलिन सापडलं. पूर्वी कुणी संगीताचे सर होते, त्यांचं असावं. आठ तारांपैकी तीनच शिल्लक होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, घेऊन जा आणि वाजवून दाखवा. चेष्टेनं म्हणाले, पण मी घेऊन आले. बार्शीला नेऊन तारा बसवल्या. गेले चार महिने बोटं घासतेय. मोबाईलवर बघून दोन-चार गाणी येतात, ती ऐकून आई दुसऱ्या खोलीत जाते.

मागच्या आठवड्यात आईच्या लग्नाची कॅसेट लावली. पंगत बसलीय, भांडी वाजतायत, आणि मध्येच तुमचं व्हायोलिन सुरू होतं. दीड मिनिट. मग कुणीतरी ओरडतं, "भात कुठाय भात!" आणि कॅसेट संपते. मी आकडेवाली बाई, मला सुरातलं काय कळतंय? पण त्या दीड मिनिटात मी हातातली कणीक तशीच धरून उभी होते. असं काही आपल्या घरात, आपल्या माणसाच्या हातून निघालं होतं आणि मला पत्ताच नव्हता!

ती धून मला पूर्ण शिकवाल का? व्हायोलिनवरचं मेंडोलिनवर बसतं की नाही, तेही मला ठाऊक नाही.

तुमची,
शिवांजली


बेंबळी,
२५ सप्टेंबर २०२४

चिरंजीव शिवांजलीस,
बब्रुवान आजोबाचे भरपूर आशीर्वाद.

तुझ्या बारशाला मी सात पेढे खाल्ले होते, ओळख कसली करून देतेस? पत्र पोहोचलं. पोस्टमनसुद्धा उभं राहून बघत होता की म्हाताऱ्याला कुणाचं आलं.

माझं व्हायोलिन खुंटीला आहे. पेटीत ठेवत नाही, झाकण लावलं की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. कान गेल्यावरही मी रोज सकाळी वाजवायचो. ऐकू येत नसलं तरी हनुवटीखाली लाकूड थरथरायचं, तेवढं पुरे व्हायचं. पण आता साखरेनं डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर होत चालली आहेत. चहाचा कप धरला तर त्या बोटांना गरम कळत नाही.

तेव्हा तुला साफ सांगतो. ती धून कुठं लिहिलेली नाही आणि दुसऱ्या कुणाला येत नाही. ती माझ्या बोटांत आहे आणि बोटं निघाली आहेत. मला ऐकायची आस नाही, ते दार बंद झालं. पण ती अख्खीच्या अख्खी कुणाच्या तरी हातावर उतरलेली डोळ्यांनी बघायची आहे. एवढं एकच राहिलंय. पोटच्या पोराला, सोमेशला, विचारलं होतं एकदा, तो म्हणाला, दादा, सोयाबीनचं बघू का हे बघू. त्याचंही खरंच आहे.

तुझ्या त्या मेंडोलिनच्या तारा कशा जुळवल्यात, कुठल्या तारेचा कुठला सूर, ते नीट विचारून कळव. दुकानदाराला विचार, मोबाईलला नको.

तुझा,
तात्या आजोबा


परंडा,
४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप तात्या आजोबांना,
नमस्कार.

शनिवारी शाळा सुटल्यावर बार्शीला जाऊन आले. दुकानदार म्हणाला, आठ तारा म्हणजे चार जोड्या. सगळ्यांत जाड जोडीला सा धरला तर पुढची जोडी तिच्या पंचमावर, तिसरी दुसरीच्या पंचमावर आणि चौथी तिसरीच्या. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराच्या.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण मी मोजपट्टी लावलीच. वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत तारेची लांबी पावणेचौदा इंच. उपयोग होईल का?

बोटं बधिर होतायत हे आईला सांगितलं नाही. सांगू का?

तुमची,
शिवांजली


बेंबळी,
१३ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव शिवांजली,
आशीर्वाद.

उपयोग होईल का म्हणून विचारतेस! तुझं पत्र वाचून मी खुंटीवरचं व्हायोलिन काढलं आणि जगदेवीला, म्हणजे तुझ्या मामीला, शिवणकामाची टेप आणायला लावली. तेरा इंच भरलं. पाऊण इंचाचा काय तो फरक. आणि जुळवणी? अगं पोरी, माझ्या चार तारा अशाच आहेत. जाड तारेपासून पंचमा-पंचमानं वर. तरुणपणी मी येरमाळ्याच्या जत्रेत तंबू टाकणाऱ्या एका नाटक कंपनीबरोबर दोन वर्षं पळालो होतो. तिथल्या मास्तरांनी मला अशीच जुळवणी शिकवली. त्या कंपनीत मेंडोलिनवाला होता, पण तो आमच्याकडं बघायचा नाही आणि आम्ही त्याच्याकडं. म्हणजे साठ वर्षं मला माहीत नव्हतं की त्याच्या हातात माझंच वाद्य होतं, फक्त गजाऐवजी तो टिचकी मारायचा!

काय नवल आहे हे, तूच बघ. माझं बोट ज्या तारेवर जिथं पडतं, तुझं त्याच तारेवर तिथंच पडलं की तोच सूर. मला कान नाहीत, तुला गुरू नाही, मध्ये बार्शी आणि धाराशिव. तरी शिकवता येतं. मी दिवसभर एकटाच हसत होतो. जगदेवीला वाटलं, तात्याचं डोकं फिरलं.

मग असं केलं. ओसरीवर बसून व्हायोलिन खांद्याला लावलं, गज हातात घेतलाच नाही. नुसती डाव्या हाताची बोटं सोडली. शेवटच्या दोन बोटांना काही कळत नाही, पण जायचं कुठं ते त्यांना ठाऊक आहे. एकेक बोट पडेल तसं जगदेवीनं बघून लिहिलं. जाड तार पहिली. "दोन-तीन" म्हणजे दुसरी तार, तिसरं बोट. जिथं दुसरं बोट पहिल्याला चिकटून आहे तिथं टिंब दिलंय, तिसऱ्याला चिकटून आहे तिथं फुली. पाच कागद झाले, सोबत पाठवतो. अख्खी धून न अडखळता निघाली. कुठं साठवलेलं असतं गं हे सगळं?

आईला सांगू नकोस. ती गाडी करून येईल आणि मला दवाखान्यात नेऊन बसवेल.

तात्या आजोबा


परंडा,
२० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप तात्या आजोबांना,
साष्टांग नमस्कार, खरोखरचा.

दिवाळीच्या सुट्टीत रोज दोन-दोन तास बसले. तुमचे पाच कागद भिंतीला चिकटवले. पहिल्या दिवशी मामीच्या अक्षरातले आकडे बघत एकेक बोट ठेवत गेले, आणि सातव्या-आठव्या आकड्याला कॅसेटमधला तो सूर माझ्या हातातून निघाला. मी दचकून मागं बघितलं. घरात तुम्ही आलात असंच वाटलं मला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "काकांचं व्हायोलिन कुठनं वाजलं?" तात्या आजोबा, आकड्यांवर माझा लहानपणापासून विश्वास आहे, पण आकड्यांतून माणूस येतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

अडचणीही सांगते. तुमचं बोट घसरत जातं तिथं माझ्या दांडीवर सतारीसारखे धातूचे पडदे आहेत, त्यामुळं घसरण्याऐवजी पायऱ्या उतरल्यासारखं होतं. ते करून करून थोडं जमवलं. दुसरं म्हणजे गजानं सूर हवा तेवढा लांबवता येतो, माझी तार छेडली की लगेच विरते. म्हणून लांब सुराला पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, भराभर वर-खाली चालवत राहायचं असतं, म्हणजे आवाज तुटत नाही. तेही आता येतं.

आणि एक गंमत. कॅसेट जुनी आहे, त्यामुळं प्रत्येक ओळीत लांब सुरानंतर जराशी अडकते. तुमच्या कागदांवर तिथं काहीच नव्हतं, म्हणजे ती कॅसेटचीच चूक. तरी मी केरव्याचा ठेका लावून मोजलं तर ओळ आठ मात्रांत बसेना. मग लांब सूर थोडा वाढवून तो खड्डा बुजवून टाकला. आता आठ म्हणजे आठ, अगदी चोख.

सोमेशमामाच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवलाय. हात दिसेल असा काढलाय. अख्खी धून आहे! बघा आणि सांगा.

तुमची आनंदात असलेली,
शिवांजली


बेंबळी,
२ डिसेंबर २०२४

शिवांजलीस,

व्हिडिओ तीनदा बघितला. मोबाईलवर हात चिंचोक्याएवढा दिसतो, तरी कळायचं ते कळलं. डावा हात बरोबर आहे. उजवा हात पिठाच्या गिरणीसारखा चालू आहे, थांबतच नाही.

ही ती धून नाही.

तू ज्याला खड्डा म्हणतेस तो तुला बुजवायला कुणी सांगितला होता? आठात बसत नाही म्हणे. नसेल बसत. तुझ्या आठाला विचारून कुणी केली नव्हती ती.

परवापासून करंगळी पूर्ण गेली. राहू दे आता.

बब्रुवान


परंडा,
१४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप तात्या आजोबांना,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस वाद्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी राग आला, आणि तो तुमचाच आला, म्हणून लिहिते.

मी चुकले असेन. पण वर्गात एखाद्या पोरीचं उत्तर चुकलं तर मी "राहू दे आता" म्हणून फळा पुसत नाही. कुठं चुकलं ते दाखवते. तुम्ही पाच कागद दिलेत, त्यांत त्या जागी काही नाही. कॅसेटमध्ये त्या जागी काही नाही. मग तिथं आहे काय? तुम्ही काहीतरी सांगत नाही आहात, एवढं मला कळतंय. मला सूर कळत नसतील, पण समीकरणात एक पद गाळलेलं असलं की लगेच दिसतं.

करंगळी गेल्याचं वाचून रडू आलं. म्हणूनच म्हणते, राहू देऊ नका. अख्खी बघायचीय असं तुम्हीच लिहिलं होतंत.

शिवांजली


बेंबळी,
१२ जानेवारी २०२५

चिरंजीव शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग मिळाला. बरं केलंस. मास्तरीण शोभतेस. उत्तराला महिना लागला, कारण जे लिहायचंय ते मी पंचावन्न वर्षांत तोंडानं कुणाला सांगितलेलं नाही.

ती धून माझी नाही. तुझ्या आजीची आहे, मथुराची.

एकोणसत्तर साली आमचं लग्न झालं. कंपनी सोडून मी नुकता घरी आलेलो, अंगात मस्ती होती, शेतात मन लागायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत ओढ्याकडच्या रानात ज्वारी काढायला आम्ही दोघं शेजारी-शेजारी पातीला, म्हणजे आपापल्या वाट्याच्या पट्ट्याला, लागलो. आपल्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात, हे तुला ठाऊक असेल. वाकायचं, दोन-तीन धाटं मुळाशी धरायची, ओढायची, पावलावर आपटून मुळांची माती झाडायची, आडवी ठेवायची, पुढं सरकायचं. मथुरा ते करताना तोंड मिटून काहीतरी गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसता सूर. मी कंपनीत मोठमोठ्यांची गाणी ऐकून आलेला माणूस. मी हातातलं धाट धरून तसाच उभा राहिलो. एवढं सुंदर मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. माझे वडील बांधावरून ओरडले, "बब्रू, झोप लागली का रं?"

विचारलं, कुठून आणलंस हे? आईकडनं? तर म्हणाली, "कुटनं न्हाय. हातातनं येतंय."

घरी जाऊन मी ते व्हायोलिनवर बसवलं. आठ दिवस लागले. मोठ्या ऐटीत तिला वाजवून दाखवलं. ती भाकरी थापत होती. ऐकलं आणि हसायला लागली. म्हणाली, "हे न्हाय माजं. लईच लांब वडताय. माती झाडायला जागाच ठिवली न्हाय तुमी."

आता कळलं तिथं काय आहे? लांब सूर म्हणजे धाट ओढणं. मग धाट पावलावर आपटतं, त्या वेळी तिचा श्वास तुटायचा, सूर बंद. तेवढी ती जागा. नंतरचे दोन छोटे सूर म्हणजे धाट ठेवलं आणि पाऊल टाकलं. मीही तुझ्यासारखंच तालात बसवायला गेलो होतो, मीही तो खड्डा बुजवला होता. गजाची खोड असते पुढं-पुढं ओढत राहायची. त्याला तिथं अडवायला मला दोन वर्षं लागली. आणि तुझी तार तर आपसूक विझते! तू म्हणतेस ती तुझ्या वाद्याची अडचण, पण पोरी, मथुराच्या जवळ जायला तुझंच वाद्य चांगलं. मला हे तुझ्या व्हिडिओनंतर सुचलं आणि माझाच मला राग आला. तुला मी डाव्या हाताचे कागद दिले. थांबणं उजव्या हातात असतं, ते कागदावर आलंच नाही. ती चूक माझी.

तिनं शपथ घातली होती की नाव सांगायचं नाही. बाईमाणूस रानात गात होती म्हटलं तर गाव हसेल म्हणायची. म्हणून मी कंपनीतल्या मास्तरांची धून म्हणून वाजवायचो. पुढं लोक "बब्रुवानाची धून" म्हणायला लागले. तेव्हा खोडून काढायला हवं होतं. पण वाहवा गोड लागते, शिवांजली. आधी तिच्या शब्दासाठी गप्प राहिलो आणि नंतर स्वतःसाठी. तुझ्या आईच्या लग्नात वाजवली तेव्हा मथुरा पंगतीत वाढत होती. माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करून पुढं गेली. दोन हजार अकराला ती गेली, तेव्हापासून रोज सकाळी वाजवायचो ते त्यासाठी.

म्हणून म्हटलं, अख्खी बघायचीय. माझी असती तर माझ्याबरोबर गेली तरी चाललं असतं.

फेब्रुवारीत ओढ्याकडची ज्वारी काढायला येईल. मोबाईल नको. तू ये. माझ्यासमोर बस आणि वाजव.

तात्या आजोबा


परंडा,
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप तात्या आजोबांना,
नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. माफ करा, बोटांचंही सांगितलं. ती दवाखान्याचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "काकूनं मला लग्नात वाढलेला भात आठवतो. काकांचं व्हायोलिन वाजत होतं आणि ती वाढतच राहिली."

काल रविवार होता. आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंचं हलकं रान आहे, तिथली ज्वारी लवकर आली. मी म्हटलं, मला एक पात द्या. त्या हसल्या, पण दिली. शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी ज्वारी फक्त भाकरीत पाहिलेली! पहिली वीस-पंचवीस धाटं नुसती कष्टाची गेली. तळहात सोलले. मग हाताला समजलं, आणि मी मनात तुमची धून, आजीची धून, म्हणायला लागले.

काय सांगू तुम्हाला? ओढताना सूर लांबतो, कारण मूळ लगेच सुटत नाही. कधी लवकर सुटतं, कधी उशिरा, आणि सूर तेवढाच लांबतो. पावलावर धाट आपटलं की दम आपोआप तुटतो, आपल्याला तोडायला जावं लागत नाही. मी महिनाभर आकड्यांत शोधत होते ते माझ्या कमरेत होतं. मी सरळ उभी राहिले तेव्हा अंगावर काटा होता. एका बाईनं वाकल्या-वाकल्या, कुणाला न सांगता, केवढी गोष्ट करून ठेवली! आणि वर म्हणाली काय, तर कुठनं न्हाय.

ठेक्याचं ॲप मोबाईलमधून काढून टाकलं. पिक आता लांब सुरावर दोन-तीनदाच चालवते आणि मग तारेला तिचं तिचं विझू देते. १६ तारखेच्या रविवारी येते. पहाटेची बार्शी गाडी धरली तर दहापर्यंत पोहोचेन.

तुमची,
शिवांजली


परंडा,
१८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप तात्या आजोबांना,
नमस्कार.

सुखरूप पोहोचले. मामीनं बांधून दिलेल्या धपाट्यांवर आई तुटून पडली. हे सगळं लिहितेय खरी, पण लिहायचं आहे ते वेगळंच.

तात्या आजोबा, मी चुकले का?

तुम्ही बांधावर बसलात, मी तुमच्यासमोर खाली बसले, पाठ रानाकडं करून, म्हणजे तुम्हाला माझे दोन्ही हात नीट दिसावेत. पाच महिने मी त्या एका वेळेसाठी बोटं झिजवली. मला वाटलं होतं, धून कधी नव्हे इतकी चांगली झाली. मागं बायकांचं काम चालू होतं, थप थप आवाज येत होता आणि त्या आवाजात माझी लय एकदाही सुटली नाही, जागा बरोबर जागेवर पडत होत्या. तिसऱ्यांदा सुरुवातीपासून घेताना मी मान वर केली. तुम्ही माझ्या हाताकडं बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून कुठंतरी लांब बघत होता. तोंड उघडं होतं. मी थांबले तरी तुम्हाला कळलं नाही. मग उठून, तुमच्याशी बोलायला मी लिहून पुढं केलेली पाटी न बघता, ओढ्याकडं चालत गेलात ते माझी गाडी निघेपर्यंत आलाच नाहीत. मामी म्हणाल्या, "त्यास्नी तसंच होतंय कवा कवा, मनावर घिऊ नगा."

मला वाईट वाटलं तर वाटू दे, पण खरं सांगा. ती धून होती की नव्हती?

शिवांजली


बेंबळी,
२२ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव शिवांजली,
तुझ्या बोटांना माझे आशीर्वाद.

तुला न भेटता गेलो, त्याची माफी माग म्हणालीस तर मागतो. पण माझ्यात तुझ्यासमोर उभं राहायचं बळ नव्हतं. तुझी पाठ होती, म्हणून तुला दिसलं नाही. आता मी सांगतो ते नीट वाच.

पहिल्या वेळी मी तुझा हात बघितला. एकेक बोट बघितलं. सूर लांबला, हात थांबला, दोन छोटे सूर, पुढं. एकही जागा चुकली नाही. मनात म्हटलं, मथुरा, आली बघ. डोळे पुसायला मान वर केली आणि रानाकडं लक्ष गेलं.

रानात सात बायका होत्या. जगदेवी आणि गावातल्या सहा. सकाळपासून बघत होतो, कुणी पुढं, कुणी मागं, जिचं तिचं चाललेलं. तू दुसऱ्यांदा सुरू केलंस. कडेच्या पातीला हरणाबाई होती, सत्तरी ओलांडलेली. तुझं बोट लांब सुरावर गेलं आणि तिनं धाट ओढलं. तुझा हात थांबला आणि तिच्या पावलावरून माती उडाली. मला वाटलं, योगायोग. पुढच्या ओळीला तिच्या शेजारची तशीच. मग तिच्या पलीकडची. कुणी वर बघितलं नाही, कुणी कुणाला खूण केली नाही. तू तिसऱ्यांदा सुरू केलंस तोवर सातही जणी एकदम वाकत होत्या, एकदम ओढत होत्या. तुझा हात थांबला की सात जागी माती उडायची, एकाच वेळी, उन्हात. मग सात पावलं पुढं. मग पुन्हा.

शिवांजली, माझ्या कानांत काही नाही. पण मी ती धून पाहिली. ओढ्याच्या काठापासून बाभळीपर्यंत, रानभर. मला एका हातावर बघायची होती. देवानं, नाहीतर मथुरानं, सात जणींच्या अंगावर दाखवली. अशा वेळी माणसानं कुठं बघायचं? मी ओढ्यात जाऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी रानात गेलो. ठरवूनच गेलो. बायका जेवायला बसल्या होत्या. हात जोडून म्हटलं, काल पोरीनं वाजवलं ते माझं नाही. लोक बब्रुवानाची धून म्हणतात, ते खोटं आहे. ती मथुराची होती आणि मी पंचावन्न वर्षं लपवलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग हरणाबाई काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. मला वाटलं, मथुरा म्हणायची तसंच झालं, हसले लोक. जगदेवीला म्हटलं, काय म्हणाली ते लिही. तिनं पाटीवर लिहून माझ्यापुढं धरलं, ते जसंच्या तसं तुला कळवतो.

"आमाला ठावं हाय की. मथुराक्काच्या शेजारची पात धरूनच आमी ज्वारी काडायला शिकलो. ती गेल्यावर त्वांडानं म्हनायचं सोडलं, पन हात तसाच चालतोय. ह्या पोरींला बी तसंच शिकवलं. तुमीच कवा बोलला न्हाय, म्हनून आमी बी बोललो न्हाय."

मी ती पाटी अजून पुसू दिलेली नाही. मला वाटत होतं, धून माझ्या बोटांत आहे आणि बोटांबरोबर जाणार. ती इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर दर सुगीला त्या रानात चालू होती आणि मी खुंटीला टांगलेल्या लाकडात शोधत होतो.

हरणाबाई विचारते, पोरगी परत कधी येणार. अजून अडीच एकर उभं आहे.

तुझा,
तात्या आजोबा